वाटेतल्या नद्या

“पण बुवा, विमानाने नेल्या तर बिघडलं कुठे?”

मुरलीधरने मांडीवरचा तांब्याचा कलश सावरला. पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या आईच्या अस्थी. प्रयागला जायच्या होत्या, आणि निघण्याआधी भिकनबुवांच्या पाया पडायचं, हे आईनेच सांगून ठेवलेलं.

विमानाचं ऐकून गावात कुणी त्याला तोंडावर बोललं नव्हतं. मागून बोलायचं मात्र कुणी बाकी राहिलं नव्हतं. शिकलेला माणूस, त्याला कोण सांगणार?

बुवा गिरणेकाठच्या मठाच्या पायरीवर डोळे मिटून बसले होते.

“सकाळी निघालो की दुपारी प्रयाग. लगेच परत. परवा दिल्लीत माझं भाषण आहे.”

“कशावर?”

मुरलीधर घुटमळला.

“हवा तापते आहे, त्यावर. विमानाचा धूर… लोकांनी शक्यतो रेल्वेने जावं, असं सांगतो मी.”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“अस्थी नेताना आपल्यात काय करतात रे?”

“पूल आला की नदीचं नाव सांगतात. गेलेलं माणूस वाट चुकू नये म्हणून.”

वडिलांच्या अस्थी नेताना आई रात्रभर रेल्वेच्या खिडकीशी जागी बसली होती. एखादा पूल झोपेत निसटला तर?

“उचल तो कलश. डोक्याच्या वर… अजून वर.”

त्याने हात ताणले.

“आता सांग तिला, खाली कुठली नदी आहे.”

…

हात भरून आले. बुवा काही पुरे म्हणेनात.

“तिचं जास्त झाल्याचा फोन आला तेव्हाही विमानानेच आलो होतो, बुवा. तरी मी पोचेपर्यंत ती गेलीच होती.”

“मग आता घाई कुणाला आहे?”

कलश हळूहळू मांडीवर आला. मुरलीधरने तो पोटाशी धरला.



“रेल्वेनेच नेतो. दिल्लीला येत नाही म्हणून कळवतो.”

बुवांनी मान हलवली.

“पण बुवा… नद्यांत पाणी कुठे राहिलंय आता? ही आपली गिरणाच बघा. आईला काय सांगू?”

बुवांनी डोळे उघडले. पायरीखाली पात्र पसरलं होतं. वाळू, गोटे, आणि मधोमध बांधलेली एक शेळी.

“कोरड्या नदीत आवाज लांब जातो. नाव हळू सांग.”