चेहऱ्यावर पाहिलेला सामना

समुद्रकाठच्या एका गावात एक वृद्ध पंच राहत असत. नाव धर्माजी, पण सारा तालुका त्यांना धर्मानाना म्हणे. उभे आयुष्य त्यांनी कबड्डीच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात घालवले होते. निकाल कोणाच्याही विरुद्ध गेला तरी त्यांच्या निकालावर कोणी बोट ठेवले नाही. वार्धक्यात दृष्टी मंदावली. समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसे, पण मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे त्यांना केवळ हलणारे रंग दिसत.

त्यांचा एक शिष्य होता, हरेश. लहानपणी दम्यामुळे त्याला खेळता आले नाही. ज्याचा श्वास पायऱ्या चढतानाच पुरत नाही, त्याने कबड्डीचा दम कसा धरावा? तो नुसता मैदानाबाहेर बसून राही. नानांनी त्याला जवळ बसवले आणि पाहायला शिकवले.

"हाताकडं बघू नकोस. हात फसवायलाच असतात. पायाकडं बघ," ते म्हणत. "माणूस पळणार असला की आधी टाच उचलली जाते."

हरेश शिकला, आणि असा शिकला की पुढे नानांचे डोळे अधू झाल्यावर तोच त्यांचे डोळे झाला. प्रत्येक सामन्याला तो नानांच्या शेजारी बसे आणि हलक्या आवाजात सांगत जाई, कोण चढाईला गेला, कोणाचा पाय बोनस रेषेवर पडला, कोपऱ्यातला खेळाडू कसा दबा धरून बसला आहे. सांगता सांगता त्याचा स्वर चढे. गावचा संघ हरला की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. घरचे हसत, पण ताट झाकून ठेवत.

तिकडे कबड्डीचा हंगाम शरदात सुरू होतो. पाऊस सरतो, भाताची कापणी उरकते, रिकाम्या खाचरांवर रूळ फिरतो आणि गावोगाव मैदाने उभी राहतात. त्या वर्षी हंगामाच्या प्रारंभी हरेशने मित्रांच्या मोबाईलवरच्या गटात गंमत म्हणून उद्याच्या सामन्याचा अंदाज लिहिला. तो खरा ठरला. दुसरा लिहिला, तोही खरा ठरला. गटात माणसे वाढू लागली. आसपासच्या गावांतले, मग तालुक्याबाहेरचे, ज्यांना त्याने कधी पाहिलेही नव्हते असे लोक सकाळी उठून विचारू लागले, "हरेशभाऊ, आज कोण?"

तालुक्याच्या गावी फरशीचा एक मोठा व्यापारी होता. फरशीच्या धंद्याआडून तो सामन्यांवर पैजा घेई. त्याने हरेशला दुकानात बोलावले, गार हवेच्या खोलीत बसवले, थंड सरबत मागवले.

"खेळणारे पुष्कळ आहेत," व्यापारी म्हणाला, "पण खेळ कळणारा माणूस लाखात एक. तुझी किंमत तुझ्या गावाला नाही कळायची."

आयुष्यात प्रथमच कोणी हरेशला त्याच्या अधू छातीविषयी न विचारता त्याच्या बुद्धीविषयी बोलले होते. ते शब्द त्याला गोड लागले. तेव्हापासून त्याचे अंदाज आधी व्यापाऱ्याकडे आणि मग गटात जाऊ लागले. मग त्याने स्वतःही पैज लावली. नानांच्या शेजारची जागा सोडून तो मागच्या रांगेत, व्यापाऱ्याच्या माणसांत बसू लागला. नानांनी विचारले तेव्हा म्हणाला, "तिथून कोपरा नीट दिसतो."

उपांत्य सामन्यात गावचा संघ जिंकला. ढोल वाजला, गुलाल उडाला. म्हाताऱ्या बायकासुद्धा मैदानात उतरल्या. घरी परतताना नाना काठी टेकत हरेशजवळ आले. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"का रे, आपण जिंकलो ना?"

"जिंकलो, नाना. पण अगदी काठावर. मी मोठ्या फरकानं जिंकू असं सांगितलं होतं."

नानांनी त्याचा चेहरा जवळून निरखला. मग काठी टेकत पुढे गेले.

अंतिम सामन्यात सारी भिस्त रोहिदासवर होती. रोहिदास हा गावाचा चढाईपटू, हरेशच्याच वयाचा, दोन घरे पलीकडे राहणारा. बाप मासेमारीच्या मचव्यावर जाई. या सामन्याला एका कंपनीच्या संघाचे निवडकर्ते येणार होते. निवड झाली असती तर खेळाच्या जोरावर कायमची नोकरी मिळाली असती. घरात त्या नोकरीचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे, पण त्याची आई रोज देवीपुढे अधिक वेळ उभी राहू लागली होती.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हरेश सराव पाहायला गेला. रोहिदास नेहमीप्रमाणे विजेसारखा पुढे गेला, समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडून परत वळला, आणि हरेशला ते दिसले. वळताना रोहिदास उजवा पाय पूर्ण टेकवत नव्हता. तळव्याच्या बाहेरच्या कडेवर निमिषभर भार घेऊन तो डाव्यावर उडी घेत होता. उजव्या गुडघ्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. संघातल्या कोणाला ते कळले नव्हते. रोहिदासनेही कोणाला सांगितले नव्हते.

सराव संपल्यावर तो घाम पुसत हरेशजवळ आला. "काय, उद्याचं काय म्हणतोस?"

"बघू," हरेश म्हणाला आणि हसला.

घरी जाऊन त्याने व्यापाऱ्याला फोन करून गावाच्या हरण्यावर पैज लावली. मग गटात लिहिले, "उद्या आपला गाव हरणार. रोहिदासचा उजवा गुडघा गेला आहे. परत वळताना तो हमखास सापडेल." लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचले. आपल्या नजरेचा त्याला अभिमान वाटला.

तो मजकूर शेकडो लोकांनी वाचला. त्यांत समोरच्या संघाची माणसेही होती. रोहिदासपर्यंत मात्र तो कोणी पोचवला नाही.

दुसऱ्या दिवशी, उन्हे कलल्यावर सामना सुरू झाला. धर्मानानांची खुर्ची नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत मांडलेली होती. नाना आले. त्यांनी खुर्ची उचलून मागच्या रांगेसमोर नेली, हरेशच्या अगदी पुढ्यात, आणि ती उलटी ठेवून मैदानाकडे पाठ करून बसले. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकले होते. लोक हसू लागले.

"नाना, सामना तिकडं आहे!" कोणीतरी ओरडले.

"ठाऊक आहे. मला इथून दिसतोय," नाना म्हणाले.

हरेश ओशाळला. म्हातारपणी बुद्धी भ्रमली असावी असे त्याला वाटले. तो नानांच्या खांद्यावरून मैदानाकडे पाहू लागला, आणि नाना त्याच्याकडे. शिट्टी वाजली, चढाईपटूंच्या नावाच्या आरोळ्या उठल्या, धूळ उडाली. नानांनी एकदाही मान वळवली नाही.

रोहिदास सुंदर खेळत होता. पहिल्या डावात त्याने गुण आणले, गावाला आघाडी मिळवून दिली. निवडकर्त्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितले. उत्तरार्धात तो पुन्हा चढाईला गेला. यावेळी उजव्या कोपऱ्यातला खेळाडू मागे सरकला नाही. तो त्या वळण्याचीच वाट पाहत होता.

तेवढ्यात नाना ताडकन उभे राहिले. मैदानाकडे वळून, साऱ्या आयुष्यात शिट्टीखेरीज ज्यांचा आवाज मैदानात कोणी ऐकला नव्हता, ते जीव तोडून ओरडले, "रोहिदास, सांभाळ!"

पण तोवर तो वळला होता. कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा उजवा घोटा धरला, आणखी दोघे अंगावर आले. शरीर एका बाजूला गेले आणि गुडघा जागीच राहिला. जवळ बसलेल्यांनी तो आवाज ऐकला. त्यानंतर रोहिदासची किंकाळी सगळ्यांनी ऐकली. नाना चटकन हरेशकडे वळले.

त्याला उचलून नेले. त्याच्याविना संघ ढेपाळला आणि गाव हरला.

मागच्या रांगेत मात्र हरेशच्या पाठीवर थापा पडत होत्या. "मानलं, हरेशभाऊ! गुडघाच सांगितला होता पठ्ठ्यानं!" व्यापाऱ्याच्या माणसाने त्याच्या हातात पाकीट ठेवले. नानांनी ते पाहिले, ते बोलही ऐकले आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

लोक पांगले. मंडप उतरवणारे बांबू सोडू लागले. नाना अजून मैदानाला पाठ करूनच बसले होते. हरेशला निघून जाता येईना.

"नाना," शेवटी तो म्हणाला, "असं का बसलात? आणि तो पडायच्या आधी तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर बघतही नव्हता."

"मला मैदान दिसत नाही रे आता," नाना म्हणाले. "इतकी वर्षं तू सांगायचास आणि मी तुझ्या तोंडाकडं बघायचो. तुझ्या तोंडावर सामना दिसायचा मला. आपला गडी अडकला की तुझाच श्वास कोंडायचा. यंदा तू उठून गेलास. म्हटलं, बघूया, त्या चेहऱ्यावर अजून आपला गाव खेळतोय का."

हरेश खाली पाहू लागला.

"आज रोहिदास चढाईला गेला की तुझा श्वास थांबायचा. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा अजून आपलाच आहे. मग त्या चढाईला तुझ्या ओठांच्या कडा वर गेल्या, आणि मला कळलं. तू तो सुटण्याची वाट बघत नव्हतास. तो पडण्याची बघत होतास. म्हणून मी ओरडलो. आणि तो पडला तेव्हा, हरेश, तुझे डोळे त्याच्याकडं गेले नाहीत. आधी वर गेले, गुणफलकाकडं."

"मी खोटं काही सांगितलं नाही," हरेश कसाबसा म्हणाला. "जे दिसलं तेच सांगितलं. तुम्हीच शिकवलंत बघायला."

"हो, मीच शिकवलं." नानांचा आवाज कडवट झाला. "पाय बघायला शिकवलं. पण कशासाठी बघायचं, ते तुला कळलेलंच आहे असं धरून चाललो. मी इतकी वर्षं पाय बघितले ते कोण हरतो हे ओळखायला नाही. एखाद्याचा पाय चुकीचा पडला, अंगावर माणसं पडताहेत, तर वेळेत शिट्टी वाजावी, म्हणून. खेळ कळला की माणसाला दुसऱ्याचं दुखणं त्याच्या आधी दिसतं. ते दिसल्यावर तू दोन घरं चालून गेला नाहीस. साऱ्या जगाला सांगितलंस, आणि ज्याचं दुखणं त्यालाच तेवढं सांगितलं नाहीस."

एवढे बोलून ते उठले. हरेशने आधारासाठी हात पुढे केला. नानांनी तो धरला नाही. काठीने जमीन चाचपत, वाटेतल्या दोऱ्यांना अडखळत, ते एकटेच गेले.

हरेश काही दिवस घराबाहेर पडला नाही. गटात मात्र त्याच्या नावाचा जयजयकार चालला होता, आणि पुढच्या सामन्याचा अंदाज सारखा विचारला जात होता. कोणीही त्याला दोष देत नव्हते. गावातसुद्धा लोक म्हणत, "हरेशला बरोबर कळलं होतं." हे बोल ऐकणे त्याला शिव्या खाण्याहून जड जाऊ लागले. अखेर एका सकाळी तो रोहिदासच्या घरी गेला.

रोहिदास खाटेवर पडला होता. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी चालता येईल असे सांगितले होते, खेळण्याविषयी ते काही बोलले नव्हते. आईने हरेशला बसायला पाट दिला, चहा दिला. "तू तरी आलास बाबा," ती म्हणाली आणि आत गेली. तिला काही ठाऊक नव्हते.

हरेशने चहाचा घोट घेतला. मग रोहिदास म्हणाला, "तू लिहिलेलं मला दाखवलं एकानं."

हरेशने कप ओठांपासून खाली घेतला. त्याला वाटले, आता हा ओरडेल, हाताला येईल ते फेकून मारेल. तसे झाले असते तर फार बरे झाले असते.

"बरोबर होतं रे तुझं," रोहिदास छताकडे पाहत म्हणाला. "महिनाभर दुखत होता गुडघा. मला वाटायचं, कुणाला कळत नाहीये. तुला बरोबर कळलं." त्याने मान हरेशकडे वळवली. "आदल्या दिवशी मी तुझ्याजवळ आलो होतो. विचारलं पण होतं तुला. मग मला का नाही सांगितलंस?"

हरेश प्लास्टरकडे पाहू लागला.

"मी ऐकलं नसतं बहुतेक," रोहिदास म्हणाला. "निवड होती ना. खेळलोच असतो. पण तू सांगायला हवं होतंस."

त्याच्या स्वरात राग नव्हता. आपल्या माणसाने असे का करावे, हे त्याला खरोखर समजत नव्हते, एवढेच. जे सांगायचे होते त्याची वेळ त्या संध्याकाळी, घाम पुसत रोहिदास समोर उभा असताना, येऊन गेली होती.

रोहिदासने कूस बदलण्याचा प्रयत्न केला. प्लास्टरचा पाय हलेना, ओठ आवळून तो तसाच थांबला. हरेशने चहा खाली ठेवला, उठून दोन्ही हातांनी तो पाय अलगद उचलला आणि सरकवला.

"दुखतंय?" त्याने विचारले.

"हो," रोहिदास म्हणाला.