बांधावरची पहिली टोपली

नवा माणूस मदतीला येतो आणि चाचरत काही विचारतो, तेव्हा तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो?

पूर्वी अश्मक देशात महीपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका गावी बुरुडाच्या घरी जन्मले होते. गावाची खालची वाडी फार सखल होती. तिला पुरापासून राखायला लोकांनीच बांध घातला होता. त्याची डागडुजी कोणी मजुरीसाठी करीत नसे. ज्याला सवड असेल तो दिवस कलताना येई आणि माती टाकून जाई.

या कामात उत्तिय नावाचा शेतकरी सर्वांत जाणता होता. बांधापायी त्याचे स्वतःचे शेत पडीक राहिले होते. पण नवा माणूस आला आणि त्याची माती चुकली, की ती पहिली टोपली सर्वांदेखत पालथी घालायची, अशी त्याने रीतच पाडली होती.

एकदा वाडीतली सोमिला माती घेऊन आली. "दादा, ही चालेल का?" तिने विचारले.

उत्तियाने टोपली उलटी केली. "अगं, ही तर वाळू! बांध घालतेस की पोरांचा खोपा? सांगून सांगून जीभ झिजली माझी!"

माणसे हसली. सोमिला रिकामी टोपली उचलून घराकडे चालू लागली.

बोधिसत्त्व तिच्यामागे गेले. "ताई, थांबा. वळणावर चिकण माती आहे. मुठीत दाबून बघा, गोळा फुटला नाही तर ती चालेल. पहिल्या दिवशी मीही वाळूच आणली होती."

सोमिला टिकली. पण प्रत्येकामागे धावणे बोधिसत्त्वांना जमत नसे. त्यांनी उत्तियाला समजावले, तेव्हा तो म्हणाला, "इथं हाडं मी झिजवायची, आणि यांचे लाडही मीच करायचे होय?" तो खरोखरच थकला होता. रीत तशीच राहिली आणि नवी माणसे येईनाशी झाली. पुढे बांधावर जुनी माणसे तेवढी उरली, आणि तीही म्हातारी होत चालली.

एका श्रावणात भरदुपारी नदी चढली. बांधाला पाझर फुटला. उत्तियाने ढोल बडवला. वरच्या आळीने तो ऐकला. "आपल्याला त्यातलं काय कळतंय? जायचं नि बोलणी खायची," असे म्हणत लोक दारातच थांबले.

सोमिला तेवढी धावत आली. बोधिसत्त्वांनी ओळखले, की एवढ्या हातांनी बांध राहणार नाही. सोमिलेला घेऊन त्यांनी वाडीतली माणसे वर काढली. उत्तिय मात्र बांध सोडीना. "अजून थोडे हात हवे होते रे," तो म्हणाला. दिवेलागणीला बांध फुटला. वाडी गेली, आणि उत्तियही गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, लोमश नावाच्या भिक्षूला सांगितली. अंगावरचे चीवर-वस्त्र कसे रंगवायचे असे विचारणाऱ्या एका नव्या भिक्षूला त्याने चारचौघांत हिणवले होते.

शास्ता म्हणाले, "लोमशा, तेव्हाचा उत्तिय तू होतास. सोमिला म्हणजे आजची भिक्षुणी सुदत्ता, आणि तो बुरूड मीच. जाणत्याने अजाणत्याशी गोड बोलावे, यालाच प्रियवचन म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोमश त्या नव्या भिक्षूच्या कोठडीपाशी गेला. पण तो नवा भिक्षू पहाटेच विहार सोडून गेला होता.