मोळीवालीनं कोरलेल्या गौरीची कहाणी

ऐका गौराबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराकडेला रान होतं. तिथं ठकू नावाची एक मोळीवाली राही. नवरा लाकडं तोडी, ती मोळी विकी. घरात अठरा विश्वे दारिद्र्य, पण बाईच्या हाताला भलतंच वेड. वाकडं लाकूड दिसलं की तिला त्यात नाक दिसे, हनुवटी दिसे. ते ती चुलीत घालीना, विळ्याच्या टोकानं कोरीत बसे. कुणी शिकवलं नाही, कुणी दाखवलं नाही. नवरा म्हणे, लाकडाला तोंडं करतेस, मग आपल्या तोंडात काय घालू? ती हसे आणि कोरी.

एके दिवशी दारी एक म्हातारी सवाशीण आली. म्हणाली, बाई बाई, काय करतेस? ठकू म्हणाली, आमच्या आळीत खड्यांच्या गौरी बसतात, त्यांना मुखवटे करते. म्हातारी म्हणाली, कर, पण वसा घे. मुखवटा कोरावा, डोळे तेवढे कोरायचे ठेवावेत. जिथं गौर बसायची तिथं जावं. त्या घरच्या लेकीला भाजीभाकरी वाढावी. ती जेवून तृप्त झाली, मग डोळे कोरावेत. उतूं नये, मातूं नये, घेतला वसा टाकूं नये. एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

मग आळीत घरोघरी ठकूच्या गौरी बसल्या. आता बोलतील की मग बोलतील, अशा. राणीच्या कानी गेलं. राणीनं ठकूला बोलावलं, चंदन दिलं, कोरायला पोलादी पटाशी दिली. ठकूनं मुखवटा कोरला. दरबारच्या सुतारानं तोंडात बोट घातलं. डोळे राहिले. ठकूनं विचारलं, घरची लेक कुठं आहे?

 लेक नदीपलीकडच्या नगरी दिली होती. मानपानावरून व्याह्यांशी बिनसलं, तेव्हापासून राणीनं तिला माहेरी आणलं नव्हतं. मग राणीनं दासीला शालू नेसवला, पाटावर बसवलं, जेवू घातलं. पटाशी घसरली. मग प्रधानाची लेक बसवली. पटाशी घसरली. मग भाची बसवली. तरी पटाशी घसरली. राणी संतापली. म्हणाली, उद्या गौर यायची. डोळे झाले नाहीत तर तुझी बोटं छाटीन.

सुतार हळूच म्हणाला, दोन रेघा ओढ, कुणाला कळतंय?  बोटं गेली तर जगून काय करायचं? पण वसा मोडवेना. हात जोडून म्हणाली, "बाईसाहेब, पोटच्या पोरीला उंबरा बंद केलात. मग गौरीनं तरी कुणाच्या घरी डोळे उघडावेत?"

राणी मटकन खाली बसली. बराच वेळ रडली. मग उठली. मेणा सोडला, मान सोडला, नावेत बसली. व्याह्यांच्या दारी उभी राहिली, म्हणाली, माझं चुकलं, लेकीला न्यायला आले. लेक घरी आणली. स्वतः चुलीपुढं बसली, भाजी केली, भाकरी थापली. भाकरी एका अंगानं करपली. लेकीनं ती मिटक्या मारीत खाल्ली आणि आईकडे पाहिलं.

ठकू कोपऱ्यातून बघत होती. तिनं पटाशी उचलली. या खेपेला घसरली नाही. लेकीची आईकडे जी नजर होती, तीच तिनं चंदनात उतरवली. धन्य त्या बाईची. राणीनं एकदा गौरीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, किती दिवस राहशील गं?

लेक म्हणाली, "आई, गौर राहील तोवर राहीन. पुढल्या साली मात्र वाट पाहायला लावू नकोस."

जशी राणीला लेक भेटली, जसं ठकूच्या हाताला यश आलं, तसं तुम्हांआम्हांला येवो. कुणाच्या लेकीला माहेर अंतरू नये. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, सांगणारीला सुफळ, ऐकणारीला संपूर्ण.