राखेचा अंगठा

"आन् मागं कोन व्हतं?" लहानूबाबांनी विचारलं.

तेजल वाचता वाचता थांबली. शिष्यवृत्तीच्या अर्जातलं ते वाक्य तिनं दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं: 'कालच्या वणव्यात वाडीतल्या मुलामुलींचं नेतृत्व मी केलं. मी सगळ्यांत पुढे होते.' त्यात खोटं काही नव्हतं. करवंदीची ओली डहाळी घेऊन ती आगीवर तुटून पडली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मागं... कोणी नव्हतं बाबा. आग विझली, आम्ही घरी गेलो."

"हं."

बाबा घरी गेले नव्हते. वाडीतल्या पोरांना आग झोडपायला त्यांनीच शिकवलेलं. कालपासून ते डोंगरावर एका जळक्या बुंध्यापाशी बसून होते. शेजारी रिकामा हंडा आणि कोयता.

तेजलनं शाईचा पॅड उघडला. काम पाहिलेल्या जाणत्या माणसाची सही हवी होती, आणि बाबा अंगठा देत.

"लवकर द्या बाबा. अकराची एसटी आहे. दोनच्या आत अर्ज तालुक्याला पोचला नाही तर संपलं."

"काय संपलं?"

"माझं कॉलेज. शिष्यवृत्ती मिळाली तर तीन वर्षं शिकेन. नाही तर आप्पा म्हणालेत, बारावी पुष्कळ झाली."

बाबांनी अंगठा पुढे केला नाही.

"त्या बुंध्यात हात घाल," ते म्हणाले.

"आत्ता?"

बाबांनी कोयत्यानं बुंध्याकडे खूण केली.

तिनं चरफडत हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. वरची राख गार होती. आत निखारा होता.

खाली उतारावर वाळलेलं गवत, गवताखाली वाडी. वारा तिकडेच चालला होता.

"कालपासून धुमसतंय हे?"

"व्हय."

"मग विझवलं का नाही तुम्ही?"

"गुडघा झऱ्यापातुर उतरू देत न्हाई. म्हून नुस्ता राखत बसलो. म्हनलं, येईल कोनीतरी."

खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर या वाडीसाठी दोनदा हॉर्न देतो, तिसऱ्यांदा देत नाही.

तेजलला त्यांचा राग आला. सकाळी निरोप धाडला असता तर काय बिघडलं असतं? मग स्वतःचा राग आला, आणि तो जास्त झोंबला. निरोप न्यायला वर होतंच कोण?

दुसरा हॉर्न.

ती फाट्याकडे दहा पावलं धावली. थांबली. परत आली, अर्ज दगडाखाली ठेवला आणि हंडा उचलला.

तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला घसरून अर्धा हंडा सांडला आणि ती रडली, पण थांबली नाही. कोयत्यानं बुंधा उकलला, पाणी ओतलं, माती लोटली, पुन्हा पाणी ओतलं. वाफ आली. मग तीही यायची थांबली.

एसटी केव्हाच गेली होती. आता बाराचा दुधाचा टेंपो, सापडला तर.

"बाबा, द्या ना आता अंगठा."

बाबांनी बुंध्यात कोपरापर्यंत हात घातला. कितीतरी वेळ तिथंच ठेवला.

"अर्जातलं ते वाक्य मी खोडते बाबा, हवं तर. मी पुढे होते, ते."

"कशाला? व्हतीस की."

त्यांनी हात बाहेर काढला. पॅडकडे पाहिलंही नाही. ओल्या राखेनं माखलेला अंगठा अर्जाच्या तळाशी दाबला. करडा ठसा उमटला, ठसठशीत.

तेजल त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा... शाई आहे ना इथं. हा पुसून जाईल."

"पुसला तर ये परत. राख हितंच हाये."