खांबाला बांधलेला उजेड

“मग परत तांब्याची तार ओढू का, अक्का?”

विचारत होता श्रीरंग. शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून डोंगरावरच्या मठात आलेला. हुशार, आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं.

मठाच्या प्रमुख अक्का आतल्या खोलीकडे बघत होत्या...

मठाच्या दवाखान्याच्या त्या खोलीत मठातलीच धोंडाबाई छातीवर हात दाबून पडली होती. तिच्या हृदयाचं चित्र इथल्या यंत्रावर उमटत होतं, पण नव्या केबलमधून शहरातल्या डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हतं. ते दिसल्याशिवाय औषध कसं सांगू, असं ते फोनवर म्हणत होते. डोलीत घालून डोंगर उतरवावं, तर ती वाटेतच जाईल ही सगळ्यांना धास्ती.

“काचेच्या केबलचा हट्ट तुझाच ना?” अक्कांनी विचारलं.

“माझाच. एवढ्या लांबवर तांबं दमतं. वीज पडली की जळतं. काचेतून निरोप उजेड होऊन धावतो, त्याला विजेचं भय नाही.”

“मग तांबं टाकूनच दिलंस?”

“नाही. यंत्रापाशी आहे की. हातभर अंतराला तांबंच बरं. कसंही वाकवा, कुरकुर नाही.”

“मग अडलंय कुठे?”

श्रीरंगने दारातल्या खांबाकडे बोट दाखवलं.

मठात नवं काही आलं की ते खांबाला गाठ मारून बांधायचं, अशी रीत. गाय असो की घंटा, आलेलं परत जाऊ नये म्हणून. श्रीरंगने काचेची बारीक केबलही खांबाला करकचून गुंडाळली होती. वर पक्की गाठ.

“एवढ्या घट्ट वळणातून उजेड पुढे जात नाही,” तो म्हणाला. “तांब्याच्या तारेला गाठ चालत होती.”

“हे तुला आधी ठाऊक होतं?”

“होतं.” त्याची मान ताठच. “पण मठात आल्यापासून मी एकही रीत मोडलेली नाही. गाठ सोडायला सांगू नका, अक्का... तांबं ओढतो. उद्यापर्यंत होईल.”

आत धोंडाबाई कण्हली.

अक्का उठल्या. नखांनी गाठ उकलली, पीळ सोडवला आणि केबलचा मोठा, सैल वेढा खांबाभोवती टाकला...

“दिसलं!” फोनमधून डॉक्टर ओरडले. “अहो, लख्ख दिसतंय!”

औषध कळलं. ते कपाटातच होतं. ऊन कलायच्या आत धोंडाबाई उठून बसली आणि तिने पेज मागितली. कुणीतरी आनंदाने घंटा बडवायला लागलं, त्याला कुणी थांबवलं नाही.

श्रीरंग हसत होता आणि डोळेही पुसत होता.

“जिंकलो, अक्का!” मग त्याचा आवाज खाली आला. “पण... रीत मोडली.”

अक्कांनी खांबावरून हात फिरवला.

“मोडली कुठे? बघ की, खांबाला मिठी मारून बसलीय.”