राजालाच ओळखेना राजाचं दार

"संध्याकाळच्या आत आमच्या वेबसाइटमधली एक तरी चूक दाखव!" राजा चंडवीर गरजला. "आणि कीबोर्डला बोटही लावायचं नाही. जमलं, तर तुझ्या गावाला विहीर. नाही जमलं, तर ती शेजारच्या गावाला!"

समोर 'वेबसाइटच चुकतेय' अशी तक्रार घेऊन आलेली कोष्ट्याची तुळसा उभी होती. विहिरीसाठी अर्ज राजाच्या नव्या वेबसाइटवरच करायचा होता आणि आज शेवटचा दिवस होता. गावातल्या चाळीस जणांनी प्रयत्न केला होता. नाव आणि पासवर्ड लिहिला, की स्क्रीनवर एक लांबलचक वाक्य यायचं आणि दार बंद!

"चूक आणि माझ्या कामात?" प्रधान धोंडोपंत हसले. "अगं पोरी, शंभर वेळा तपासलंय मी! दर वेळी आत गेलो. मुद्दाम चोरांनाही प्रयत्न करायला बसवलं, एकही आत शिरला नाही!"

"शंभर वेळा कोणाच्या नावाने, प्रधानजी?"

"माझ्या! आणखी कोणाच्या?"

तुळसा राजाकडे वळली. "महाराज, मी बोट लावत नाही. तुम्हीच आत जा आणि आमचा अर्ज भरा!"

"एवढंच ना?" राजाने नाव लिहिलं, 'चंडवीर'. पासवर्ड लिहिला. स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'प्रविष्ट अभिधानाच्या अनुपलब्धतेस्तव प्रवेशानुज्ञा निषिद्ध.'

"हे काय?"

सगळ्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. वेबसाइटचं मराठी भाषांतर त्यांचंच होतं.

"अत्यंत शुद्ध आहे, महाराज!"

"ते दिसतंय. पण म्हणतंय काय?"

"त्याला... कोश आणावा लागेल."

"मी सांगते," तुळसा म्हणाली. "आमच्या गुरुजींनी दोन दिवस बसून अर्थ लावलाय. या नावाचा माणूस राज्यात नाही, असं म्हणतंय ते!"

राजा ताडकन उठला.

"मी नाही? माझ्याच राज्यात?"

"प्रधानजी, महाराजांचं नाव तुम्ही कसं नोंदवलंत?"

"कसं म्हणजे? 'श्रीमंत अखंडप्रतापी शत्रुमर्दन चंडवीर महाराज'! नुसतं 'चंडवीर' लिहायला मला माझी मान नकोशी झालीय का?"

"अहो, पण मी स्वतःला श्रीमंत कशाला म्हणू?" राजा ओरडला.

"आमचंही तसंच, महाराज! माझे आबा स्वतःला गोविंदा म्हणतात. कारकुनांनी लिहिलंय 'गोविंद बिन राणोजी कोष्टी, मुक्काम पाथरवाडी'. ते आबांना कोणी सांगितलंच नाही!"

"पंत, माझ्या नावाने एकदा तरी तपासायचं होतं!"

पंतांनी घाम पुसला. "महाराज, राजा होऊन बसायची हिंमत कोण करणार? पण एकही चोर आत आला नाही, हे तर खरं ना?"

"अगदी खरं, प्रधानजी!" तुळसा म्हणाली. "चोर बाहेरच राहिले. फक्त आता महाराजही त्यांच्याच रांगेत उभे आहेत!"

राजा पोट धरधरून हसला, इतका की मुकुट कानावर आला!

"पंत, आजपासून वेबसाइटचं प्रत्येक दार आधी ही पोर तपासेल. आणि शास्त्रीबुवा, प्रत्येक वाक्य आधी तिच्या आबांना वाचून दाखवायचं!"

विहिरीचा हुकूम मात्र राजाने कागदावर, स्वतःच्या हाताने लिहून दिला. करणार काय? आत जायला त्याला अजून परवानगी कुठे होती!