बासरीचा चुकलेला ‘ग’

“अगं, मला शंभर राग येतात! शिकवायचा मान माझाच,” सतार तावातावाने म्हणाली. “तुझा तर भातासुद्धा फाटलाय, पेटीआजी.”

“फाटलाय ना! पण ठिगळ माझं मीच लावलंय,” पेटीआजी फणकारली.

वाद्यं आपली आपण वाजत, त्या काळातलं हे भांडण. नव्या बासरीला शिकायचं होतं. सा, रे नीट लागायचे, पण तिचा ‘ग’ दर वेळी खाली उतरायचा. सतारीने तो सात वेळा वाजवून दाखवला, दर वेळी अधिक सुंदर. बासरी रडकुंडीला आली. “मी आपली परत बांबूच्या बेटात जाते,” ती म्हणाली.

“थांब गं, चिमणे.” पेटीआजीने भाता हलवला आणि बासरीचा चुकलेला ‘ग’ जसाच्या तसा वाजवला. मग शेजारची खरी पट्टी दाबली. पुन्हा चुकलेला, पुन्हा खरा.

“अय्या, मी इथे घसरते होय!” बासरी हसली, आणि तिचा ‘ग’ नेमका लागला.

“चुकीचं काय, कुणीही वाजवेल,” सतार पुटपुटली.

पेटीआजी मायेने म्हणाली, “तुझ्यासारखं सुंदर मला या जन्मी जमायचं नाही गं, पण मास्तरीण व्हायचं असेल तर आधी पोरीचं चुकलेलं तिच्यासारखंच वाजवायला शीक.”